मालभाड्याचं कलम आणि बसमधली जागा

अमेरिकेत १८८७ साली एक कायदा झाला तो शेतकऱ्यांच्या ओरडीमुळे. रेल्वे कंपन्या तेव्हा शिरजोर झाल्या होत्या. बड्या व्यापाऱ्याच्या मालाला एक भाडं, लहान शेतकऱ्याच्या गव्हाला दुसरं. ज्या गावात दुसरी रेल्वे नाही तिथे मन मानेल तो दर. संसदेनं अखेर या कंपन्यांना वेसण घातली. आंतरराज्य व्यापार आयोग नावाची एक नवी संस्था उभी केली आणि कायद्यात एक कलम घातलं: वाहतूक कंपनीनं कोणत्याही व्यक्तीला, गावाला किंवा मालाला अवाजवी झुकतं माप देऊ नये आणि कोणाचीही अवाजवी गैरसोय करू नये.

कलम लिहिणाऱ्यांच्या डोळ्यासमोर गव्हाची पोती होती, कोळशाच्या वाघिणी होत्या. पुढे १९३५ मध्ये बसगाड्याही या आयोगाच्या अखत्यारीत आल्या आणि त्याच धर्तीची तरतूद त्यांनाही लागू झाली. आणखी वीस वर्षांनी एका कृष्णवर्णीय तरुणीच्या वकिलांनी आयोगाला एक साधा प्रश्न विचारला. पोत्याला जो न्याय मिळतो, तो तिकीट काढून बसलेल्या माणसाला का मिळू नये?

सारा कीज विरुद्ध कॅरोलायना कोच कंपनी हा तो खटला. त्याचा निकाल ७ नोव्हेंबर १९५५ रोजी झाला आणि २५ नोव्हेंबरला जाहीर झाला. त्यानंतर सहाच दिवसांनी, १ डिसेंबरच्या संध्याकाळी, अलाबामातल्या माँटगोमेरी शहरात रोझा पार्क्स बसमधल्या आपल्या जागेवरून उठायला तयार झाल्या नाहीत. पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. पार्क्स यांचं नाव आपल्याकडच्या शाळकरी पोरालाही माहीत असतं. सारा कीज हे नाव अमेरिकेतल्या सुशिक्षितांनाही सहसा आठवत नाही.

रोनोक रॅपिड्सची रात्र

१९५२ चा ऑगस्ट. कोरियात युद्ध चालू होतं. सारा लुईस कीज जेमतेम २३ वर्षांची. आदल्या वर्षी ती लष्कराच्या महिला दलात भरती झाली होती आणि न्यू जर्सीतल्या फोर्ट डिक्स या तळावर नेमणुकीला होती. सुट्टी मिळाली म्हणून ती नॉर्थ कॅरोलायनातल्या वॉशिंग्टन या गावी, आपल्या घरी निघाली. हे गाव म्हणजे राजधानीचं शहर नव्हे, नाव तेवढं सारखं. १ ऑगस्टला तिनं ट्रेंटनहून बस धरली. राजधानी वॉशिंग्टनला गाडी बदलून ती कॅरोलायना कंपनीच्या बसमध्ये चढली आणि पुढच्या बाजूच्या एका सीटवर बसली. अंगावर लष्करी गणवेश होता. ड्रायव्हरनं तिकीट पाहिलं, काही बोलला नाही.

मध्यरात्र उलटल्यावर बस नॉर्थ कॅरोलायनाच्या हद्दीतल्या रोनोक रॅपिड्स गावात थांबली. इथे ड्रायव्हर बदलायचा होता. नवा ड्रायव्हर तिकिटं तपासत आला, साराजवळ थांबला आणि तिला मागे जायला सांगितलं. तिच्या जागी मागे बसलेला एक गोरा मरीन सैनिक येणार होता. गणवेश त्याच्याही अंगावर होता, तिच्याही. पगार एकाच सरकारचा. तिनं नकार दिला. आवाज चढवला नाही, हुज्जत घातली नाही. इथे मी ठीक आहे, एवढाच त्या नकाराचा अर्थ होता.

ड्रायव्हरनं मग वेगळीच युक्ती केली. त्यानं सगळी बसच रिकामी केली. बाकीच्या उतारूंना दुसऱ्या गाडीत बसायला सांगितलं आणि हिला मात्र त्या गाडीत चढू दिलं नाही. अपरात्री अनोळखी गावात एकटी मुलगी तिकीट हातात घेऊन उभी. चौकशी करायला गेली तर पोलीस आले. शांतताभंगाच्या आरोपाखाली तिला पकडलं आणि कोठडीत टाकलं. घरी कळवण्याची परवानगी मिळाली नाही. तेरा तासांनी सुटका झाली ती २५ डॉलर दंड भरल्यावर. मग पोलिसांनीच तिला गावाकडे जाणाऱ्या बसमध्ये बसवून दिलं.

आरोपाची कलाकारी पाहण्यासारखी आहे. गोऱ्यांच्या जागेवर बसलीस म्हणून तिच्यावर खटला भरला नाही. तसा भरला असता तर वरच्या कोर्टात टिकला नसता, हे एव्हाना दक्षिणेतल्या पोलिसांना कळून चुकलं होतं. म्हणून शांतताभंग. शांत बसून राहिलेल्या मुलीवर.

पळवाट कुठे होती?

हे समजायला कायद्याचा थोडा मागचा हिशेब पाहावा लागतो.

१८९२ मध्ये होमर प्लेसी हा लुईझियानाचा रहिवासी मुद्दाम गोऱ्यांच्या डब्यात बसला. त्याच्या आठ पणजोबा-पणजींपैकी एक कृष्णवर्णीय, बाकी सात गोरे. तरी कायद्याच्या लेखी तो काळा. १८९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्याच्या विरोधात निकाल दिला आणि ‘वेगळं पण समान’ या तत्त्वावर शिक्कामोर्तब केलं. हा निकाल प्रसिद्ध आहे. त्याच्या नऊ वर्षं आधी, नुकताच जन्मलेला आंतरराज्य व्यापार आयोगही हेच म्हणून मोकळा झाला होता, ते फारसं कोणी सांगत नाही. अलाबामातले शिक्षणसंस्थाचालक विल्यम काउन्सिल यांना पहिल्या वर्गाचं तिकीट असूनही जॉर्जियातल्या रेल्वेत डब्याबाहेर काढलं गेलं. त्यांनी १८८७ मध्ये आयोगाकडे दाद मागितली. आयोगानं कंपनीला सुनावलं की सोयी सारख्या हव्यात. डबे वेगळे ठेवायला मात्र त्याची हरकत नव्हती. म्हणजे अवाजवी गैरसोय करू नये हे कलम हाती आल्या आल्या आयोगानं त्यातून माणसाला वगळलं.

पुढची पन्नास वर्षं काळ्या उतारूंच्या वाट्याला धुरकट डबे, अर्धे डबे, सामानाच्या डब्यातला कोपरा असंच येत राहिलं. मग एकेक भिंत ढासळू लागली. १९३७ मध्ये शिकागोचे संसद सदस्य आर्थर मिचेल यांना आर्कान्सामध्ये पहिल्या वर्गातून हुसकावलं गेलं. १९४१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यांच्या बाजूनं कौल दिला: पहिल्या वर्गाचे पैसे घेतले तर पहिल्या वर्गाचीच सोय द्या. १९४४ मध्ये आयरीन मॉर्गन ही तरुणी व्हर्जिनियाहून बाल्टिमोरला निघाली असताना तिला मागे व्हायला सांगितलं. तिनं शेरीफच्या माणसानं दिलेलं वॉरंट फाडून खिडकीबाहेर फेकलं आणि हात लावणाऱ्याला लाथ हाणली. लाथेबद्दलचा १०० डॉलर दंड तिनं भरला, जागेबद्दलचा १० डॉलर दंड भरायला साफ नकार दिला. दहा डॉलरचा तो खटला १९४६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेला आणि ती जिंकली. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाणाऱ्या बसवर व्हर्जिनियाचा वर्णभेदी कायदा लागू होणार नाही, असं न्यायालयानं ठरवलं.

पळवाट नेमकी याच निकालात राहिली. निकाल राज्याच्या कायद्याविरुद्ध होता. बस कंपनीनं स्वतःचा नियम केला तर? कंपनी खासगी, गाडी तिची, नियम तिचा. दक्षिणेतल्या कंपन्यांनी तेच केलं. पूर्वी ड्रायव्हर सरकारी कायद्याचं नाव सांगायचा, आता कंपनीच्या नियमाचं सांगू लागला. उतारूच्या दृष्टीनं तसूभरही फरक पडला नाही. आयोगाला हे नियम दिसत होते आणि तो डोळे मिटून बसला होता.

सारा कीजला उठवणारा ड्रायव्हर याच नियमाच्या जोरावर बोलत होता.

वकीलबाईंची स्वतःची बस

सारा स्वभावानं भिडस्त. झाल्या प्रकाराचा बभ्रा होऊ नये असंच तिला वाटलं असतं तर नवल नव्हतं. पण वडील डेव्हिड कीज पहिल्या महायुद्धात नौदलात नोकरी करून आले होते. हे प्रकरण सोडायचं नाही, असं त्यांनी ठरवलं. स्थानिक न्यायालयानं दंड कायम केल्यावर बापलेक राजधानीत कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी या संघटनेच्या कार्यालयात गेले. तिथून त्यांना एका वकीलबाईंचं नाव मिळालं. डव्ही जॉन्सन राउंडट्री.

राउंडट्री यांची वकिली जेमतेम दोन वर्षांची होती. हॉवर्ड विद्यापीठातून १९५० मध्ये कायद्याची पदवी घेऊन ज्युलियस रॉबर्टसन या सहकाऱ्याबरोबर त्यांनी लहानसं कार्यालय थाटलं होतं. पण या अशिलाची हकीगत ऐकताना त्यांना फार प्रश्न विचारावे लागले नसतील, कारण तिच्यातली बरीचशी त्यांनी स्वतः भोगली होती. १९४२ मध्ये महिलांचं लष्करी दल उभं राहिलं तेव्हा अधिकारी प्रशिक्षणाच्या पहिल्या तुकडीत ४४० स्त्रिया होत्या. त्यांत कृष्णवर्णीय चाळीसच्या आसपास. राउंडट्री त्यांच्यापैकी एक. १९४३ मध्ये मायामीला गणवेशात प्रवास करत असताना एका गोऱ्या मरीनला जागा हवी म्हणून त्यांना बसमधून उतरवलं होतं. नऊ वर्षांनी त्यांच्यासमोर बसलेल्या मुलीचं दल तेच, गणवेश तोच आणि जागा मागणारा पुन्हा मरीनच.

त्याहून जुनी एक आठवण त्यांच्याकडे होती. नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लट शहरात त्या लहानाच्या मोठ्या झाल्या. वडील लवकर गेले, घर आजीचं. एकदा आजीबरोबर ट्रॅमनं जाताना ही पोर ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर जाऊन बसली. बाहेरचं छान दिसतं म्हणून. ड्रायव्हर तिच्यावर खेकसला, शिवी दिली. आजीनं घंटेची दोरी ओढली, नातीचा हात धरला आणि दोघी उतरल्या. या आजीचे पाय अधू होते. तरुणपणी एका गोऱ्यानं ते तुडवले होते आणि तेव्हापासून चालणं तिला सोसत नसे. त्या दिवशी ती गावात जाईपर्यंत आणि परत घरी येईपर्यंत चालली. रात्री जेवताना घरच्यांना तिनं बजावून सांगितलं, माझी पोरं कोणाहून कमी नाहीत.

पुढे आयोगासमोर मांडलेल्या कायदेशीर युक्तिवादाचा गाभा याहून फार वेगळा नव्हता.

कोर्टानं हात झटकले

राउंडट्री आणि रॉबर्टसन यांनी आधी राजधानीतल्या संघीय जिल्हा न्यायालयात दावा लावला. फेब्रुवारी १९५३ मध्ये तो फेटाळला गेला. प्रकरण आमच्या अधिकारकक्षेत येत नाही, एवढंच कारण. मग उरला आंतरराज्य व्यापार आयोग. १८८७ पासून या आयोगानं वेगळ्या डब्यांना आणि वेगळ्या बाकांना कधी हरकत घेतली नव्हती. अशा ठिकाणी जाणं म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं, असं कोणीही म्हटलं असतं. तरी १ सप्टेंबर १९५३ रोजी तक्रार दाखल झाली.

सुनावणी १२ मे १९५४ रोजी झाली. पाचच दिवसांनी, १७ मे रोजी, सर्वोच्च न्यायालयानं ब्राऊन खटल्यात शाळांमधली वर्णभेदी विभागणी घटनाबाह्य ठरवली. इमारत, पुस्तकं, शिक्षक सगळं सारखं असलं तरी वेगळं बसवण्यातच मुलाला हीन ठरवणं आलं, हे त्या निकालाचं सूत्र होतं. राउंडट्री यांनी तेच उचललं. शाळेतलं वेगळं बाक जर मुळातच अपमान असेल तर बसमधलं वेगळं बाक काय असतं? आणि हा अपमान म्हणजेच वाहतूक कायद्यात मनाई केलेली अवाजवी गैरसोय नाही का?

युक्तिवादातली खुबी अशी की तो घटनेवर अवलंबून नव्हता. घटनेची समानता सरकारला बांधते, खासगी कंपनी तिच्यातून निसटू शकते. वाहतूक कायदा मात्र थेट कंपनीलाच बांधतो. १९४६ च्या निकालातून जी पळवाट निघाली होती, तिच्या तोंडाशीच हा कायदा उभा होता. त्याला जागं करायचं तेवढं बाकी होतं.

सप्टेंबर १९५४ मध्ये सुनावणी अधिकारी आयझॅडोर फ्रीडसन यांनी निर्णय दिला तो साराच्या विरोधात. शाळांचा निकाल खासगी बस कंपनीला लागू होत नाही, असं त्यांचं म्हणणं. वकीलद्वयीनं त्यावर हरकती नोंदवल्या आणि प्रकरण अकरा सदस्यांच्या पूर्ण आयोगापुढे नेलं.

तिथे पारडं फिरलं. आयोगानं म्हटलं की आंतरराज्य बसमधल्या जागा केवळ वर्णावरून वाटून देणं, आणि तेही उतारू मुळातच हलका आहे असं सुचवेल अशा रीतीनं, हा अन्याय्य भेदभाव आहे आणि अवाजवी गैरसोय आहे. म्हणून तो कायद्याच्या विरोधात आहे. विरोधी मत एकच पडलं, साउथ कॅरोलायनाच्या जे. मन्रो जॉन्सन यांचं. रेल्वेबद्दल एनएएसीपीनं लावलेल्या वेगळ्या तक्रारीचा निकालही त्याच दिवशी लागला. त्यात आगगाड्यांबरोबर स्टेशनांवरच्या प्रतीक्षालयांचाही समावेश होता. दोन्ही आदेश १० जानेवारी १९५६ पासून लागू व्हायचे होते.

अडुसष्ट वर्षांपूर्वी विल्यम काउन्सिल यांना जे नाकारलं, ते त्याच आयोगानं त्याच धर्तीच्या शब्दांच्या आधारे एका सैनिक मुलीला दिलं. कलमात फारसा बदल झालेला नव्हता. ते वाचणारी माणसं बदलली होती आणि वाचायला लावणारीही.

विसर का पडला?

माँटगोमेरीच्या बसबहिष्काराच्या लढ्यानं हा निकाल झाकोळला, असं साधारणपणे सांगितलं जातं. त्यात तथ्य आहे. पण हे उत्तर पुरेसं नाही.

पहिली गोष्ट, या निकालाचा पार्क्स यांना काही उपयोग नव्हता. त्या शहर बसमध्ये बसल्या होत्या. बस अलाबामातून बाहेर जात नव्हती, म्हणून आंतरराज्य आयोगाचा तिच्याशी संबंध नव्हता. माँटगोमेरीकरांना वेगळा खटला लढावा लागला. १ फेब्रुवारी १९५६ रोजी फ्रेड ग्रे या तरुण वकिलानं तो दाखल केला. ऑरेलिया ब्राउडर, सुझी मॅक्डॉनल्ड, क्लॉडेट कॉल्व्हिन आणि मेरी लुईस स्मिथ या चौघींच्या नावानं तो चालला. यात रोझा पार्क्स यांचं नाव नाही. त्यांच्यावर आधीच फौजदारी खटला चालू होता आणि त्याच्या गुंत्यात घटनेचा प्रश्न अडकू नये म्हणून त्यांना बाहेर ठेवलं. जून १९५६ मध्ये तीन न्यायाधीशांनी दोन विरुद्ध एक मतानं शहर बसमधली विभागणी रद्द केली. नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते उचलून धरलं. ३८१ दिवस शहरातली माणसं पायी चालली, पण बसचा नियम कायद्यानं मोडला तो या चौघींच्या खटल्यानं. त्यांची नावं तरी किती जणांना येतात?

दुसरी गोष्ट संस्थेची. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल म्हणजे संगमरवरी पायऱ्या, वकिलांचे फोटो, वर्तमानपत्रांचे मथळे. आयोगाचा निकाल म्हणजे मोटर वाहतुकीच्या प्रकरणांच्या खंडात बांधलेली काही पानं, ज्यांच्या मागेपुढे मालवाहू ट्रकांचे परवाने आणि भाड्याचे दर. इतिहास लिहिणारे तिथे सहसा डोकावत नाहीत.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. आदेश निघाला आणि पाळला गेला नाही. जानेवारी १९५६ उजाडला, मावळला. दक्षिणेतल्या बसस्थानकांवर गोऱ्यांचं दार वेगळं, काळ्यांचं वेगळं हे तसंच राहिलं. ड्रायव्हर तसेच खेकसत राहिले. आदेश मोडणाऱ्या कंपन्यांवर आयोगानं बडगा उगारला नाही. हक्क बजावणाऱ्या माणसाला पूर्वीसारखंच शांतताभंगाखाली अटक होत राहिली. जो निकाल लोकांच्या रोजच्या प्रवासात उतरलाच नाही, तो लोकांच्या आठवणीत कसा राहणार?

बस पेटली तेव्हा

डिसेंबर १९६० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं आणखी एक पाऊल टाकलं. रिचमंडच्या बसस्थानकातल्या उपाहारगृहात गोऱ्यांच्या बाजूला बसला म्हणून कायद्याचा विद्यार्थी ब्रूस बॉयन्टन याला १० डॉलर दंड झाला होता. त्याची बाजू थर्गूड मार्शल यांनी मांडली. स्थानकातली उपाहारगृहंही आंतरराज्य उतारूंना भेदाविना खुली हवीत, असं न्यायालयानं ठरवलं. हाही निकाल कागदावरच.

मग काही तरुणांनी ठरवलं की कागद आणि रस्ता यांच्यातलं अंतर आपणच मोजून दाखवू. ४ मे १९६१ रोजी तेरा जण, काळे आणि गोरे मिळून, राजधानीतून दोन बसमध्ये बसून दक्षिणेकडे निघाले. नवा हक्क ते मागत नव्हते. मिळालेला हक्क वापरत होते, एवढंच. १४ मे रोजी अलाबामातल्या ॲनिस्टन गावाजवळ जमावानं त्यांची एक बस अडवून पेटवली. बर्मिंगहॅम आणि माँटगोमेरीत उतारूंना सळयांनी बडवलं. जळत्या बसचं छायाचित्र जगभर गेलं. शीतयुद्धाच्या दिवसांत वॉशिंग्टनच्या सरकारला ते परवडणारं नव्हतं.

२९ मे रोजी ॲटर्नी जनरल रॉबर्ट केनेडी यांनी आयोगाकडे अर्ज केला: तुमचाच १९५५ चा निकाल आहे, आता त्याचे सक्तीचे नियम करा. सारा कीज खटला धूळ झटकून पुन्हा टेबलावर आला. २२ सप्टेंबरला आयोगानं नियम काढले, १ नोव्हेंबर १९६१ पासून ते लागू झाले. आंतरराज्य बसमध्ये पाटी लावणं सक्तीचं झालं की या वाहनातल्या जागा वंश, वर्ण, धर्म किंवा राष्ट्रीयत्व न पाहता दिल्या जातात. वर्णभेद पाळणाऱ्या स्थानकांचा वापर करायला कंपन्यांना बंदी झाली. त्यानंतर मात्र ‘फक्त गोऱ्यांसाठी’ या पाट्या उतरू लागल्या. काही गावांत नाइलाजानं, काही गावांत पुन्हा कोर्टाची पायरी चढल्यावर.

७ नोव्हेंबर १९५५ ते १ नोव्हेंबर १९६१. निकाल आणि अंमल यांच्यात सहा वर्षं गेली, सहा दिवस कमी.

आपल्या वाटेवरची गाडी

मराठी वाचकाला हे परकं वाटायचं कारण नाही. बाबासाहेब आंबेडकर यांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनात आपल्या अपमानाचे प्रसंग नोंदवले आहेत, त्यांतले दोन प्रवासातलेच आहेत. १९०१ मध्ये साताऱ्याहून वडिलांकडे कोरेगावला निघालेली मुलं मसूर स्टेशनवर उतरली. नीटनेटके कपडे पाहून स्टेशन मास्तर आपुलकीनं बोलला, जात कळल्यावर मागे सरला. बैलगाडीवाले त्यांना बसवून घेईनात. शेवटी एक तयार झाला तो दुप्पट भाड्यावर, आणि गाडी मुलांनीच हाकायची, तो पायी चालणार, या अटीवर. १९२९ मध्ये सरकारी चौकशी समितीचे सदस्य म्हणून फिरताना बाबासाहेब चाळीसगावला उतरले, तेव्हा परदेशातून डॉक्टरेट आणि बॅरिस्टरी घेऊन आलेल्या या माणसाला एकही टांगेवाला नेईना. वस्तीतल्या सवय नसलेल्या माणसानं टांगा हाकला, तो उलटला आणि बाबासाहेबांचा पाय मोडला.

दोन देशांतला फरकही इथेच दिसतो. तिथे आडवा आला तो कंपनीचा नियम. नियम दाखवता येतो, म्हणून त्याच्यावर खटला भरता येतो. टांगेवाल्याचा नकार कुठे लिहिलेला नव्हता. कोर्टात उभं करायचं कोणाला, रीतीला?

त्यासाठी कायद्यालाच रीतीचं नाव घ्यावं लागलं. योगायोग असा की ते वर्षही १९५५ च. अस्पृश्यता (गुन्हे) अधिनियम १ जूनपासून लागू झाला आणि त्यानं पाणवठे, दुकानं, उपाहारगृहं यांच्याबरोबर सार्वजनिक वाहनाचं नाव घेऊन तिथली आडकाठी गुन्हा ठरवली. पण मूळ कायद्यात हे गुन्हे आपापसात मिटवता येत असत. गावात दुबळ्या फिर्यादीवर सबळ आरोपी दडपण आणणार आणि प्रकरण मिटणार, हे सांगायला ज्योतिषी लागत नव्हता. ती वाट बंद व्हायला १९७६ ची दुरुस्ती यावी लागली. तेव्हाच कायद्याचं नावही नागरी हक्क संरक्षण अधिनियम असं झालं. निकालाचं असो वा कायद्याचं, अंमलाची तारीख ठरवायला दर वेळी वेगळी लढाई लागली.

नंतर

सारा कीज लष्करातून बाहेर पडली, लग्न करून सारा कीज इव्हान्स झाली आणि न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये केशरचनेचा व्यवसाय करत राहिली. भाषणं नाहीत, दौरे नाहीत. २००६ मध्ये ॲमी नेथन यांनी तिच्यावर मुलांसाठी पुस्तक लिहिलं. २०२० च्या ऑगस्टमध्ये रोनोक रॅपिड्स गावानं आपल्या मार्टिन ल्यूथर किंग उद्यानात तिच्या नावाचा चौक उभारला. ज्या गावानं कोठडीत टाकलं त्याच गावानं मान दिला, त्याला ६८ वर्षं लागली. नशीब एवढंच की ते बघायला ती हयात होती. २०२३ मध्ये ती गेली.

राउंडट्री यांनी पुढे फौजदारी वकील म्हणून नाव काढलं. चर्चमध्ये धर्मोपदेशकाची दीक्षा घेतली आणि वॉशिंग्टनच्या गरीब वस्तीतली प्रकरणं बेताच्या फीमध्ये लढवली. १९६२ मध्ये तिथल्या महिला वकील संघटनेत प्रवेश मिळवणारी पहिली कृष्णवर्णीय स्त्री त्याच. २०१८ मध्ये, १०४ वर्षांचं आयुष्य जगून, त्यांचं निधन झालं. आणि ज्या आयोगासमोर त्या उभ्या राहिल्या तो आंतरराज्य व्यापार आयोग १९९५ च्या अखेरीस मोडीत निघाला.

या खटल्याचं श्रेय वाटायचं तर रस्त्यावरच्या तरुणांना जितकं द्यावं लागेल तितकंच त्या दोन वकिलांना. सक्तीचे नियम करा अशी मागणी करायला केनेडींच्या हाती तो निकाल होता, कारण सहा वर्षांपूर्वी कोणीतरी रटाळ कलमांतून तो खणून काढून ठेवला होता. आणि तो निकाल सहा वर्षं निरुपयोगी पडून होता, कारण त्याच्यामागे तेव्हा माणसं उभी नव्हती. खटला आणि चळवळ यांत श्रेष्ठ कोण, हा वाद म्हणूनच व्यर्थ आहे. एकाशिवाय दुसरं लंगडं पडतं.

तेव्हा कुठल्याही ऐतिहासिक निकालाची किंवा क्रांतिकारक कायद्याची बातमी वाचताना वाचकानं दोन तारखा विचाराव्यात. निकाल कधी लागला, आणि तो लागू कधी झाला. दुसरी तारीख कोणाला सांगता येत नसेल, तर लढाई अजून संपलेली नाही असं खुशाल समजावं.